संत्र्याच्या फुलांचा मॅकरॉन

फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या त्या पेस्ट्रीच्या दुकानात बावीस वर्षं एकच रिवाज होता. ओदीलने चाखून मान डोलावल्याशिवाय नवा मॅकरॉन, म्हणजे बदामाच्या पिठाचं क्रीम भरलेलं गोल बिस्किट, काचेच्या कपाटात जायचा नाही. मालक फाब्रिस गिऱ्हाइकांना सांगायचा, "दुकान माझं, पण नाक ओदीलबाईंचं."

त्या जानेवारीतल्या तापात ते नाकच गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. जिभेला गोड, आंबट, कडू एवढंच कळायचं. येईल आज ना उद्या, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही.

मार्चमध्ये नवे स्वाद ठरवायची सकाळ आली. टेबलावर सहा बश्या. लिंबाचा आंबट लागला, कॉफीचा कडवट. पिस्ता आणि रासबेरी रंगावरून ओळखता आले, चॉकलेट तर बघताक्षणीच कळलं. सहावा मात्र पांढराफटक. तिने चावला. नुसतं गोड. समोर सोलेन श्वास रोखून उभी होती. दोन वर्षांपूर्वी आलेली ही पोरगी गेले तीन महिने या एकाच मॅकरॉनच्या मागे होती.

काहीतरी बोलणं भाग होतं. "सुगंध जास्त झालाय," ओदील म्हणाली. "अत्तर चाखल्यासारखं वाटतंय."

"संत्र्याच्या फुलांचं पाणी आहे, बाई. कमी करून बघते."

चार दिवसांनी सोलेनने दुसरा घाणा आणला. पहिल्याला जास्त म्हटलं, आता लगेच छान कसं म्हणायचं? "अजून थोडं कमी कर," ओदील म्हणाली. तिसऱ्यालाही तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. पोरीच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

चौथा घाणा चाखून ती म्हणाली, "हं, अजून जरासा उग्र आहे."

सोलेनचा चेहरा उतरला. "बाई, आज मी ते पाणी घातलंच नाही, असं मला आठवतंय. पण तुम्हाला वास आला म्हणजे घातलंच असणार. माझं मलाच कळेनासं झालंय."

खरं बोलायचा तोच क्षण होता. ओदीलने बशी उचलली आणि मोरीत नेऊन धुतली.

दुसऱ्या दिवशी फाब्रिस सहज म्हणाला, "सोलेन सोडून चालली. गावी जाऊन पाव भाजीन म्हणते. म्हणे, हे बारीक काम माझ्या नाकाचं नाही."

ओदील तशीच आत गेली. सोलेन बदामाचं पीठ चाळत होती. मागोमाग फाब्रिसही आला.

"तुझं नाक शाबूत आहे गं," ओदील म्हणाली. "गेलंय ते माझं. जानेवारीपासून मला कशाचाच वास येत नाही. तुझ्या मॅकरॉनची चव मला एकदाही कळली नाही. मी खोटं बोलले."

चाळणी थांबली. "चारही वेळा?"

"चारही वेळा."

"मी रात्र रात्र जागले हो, बाई. आईला फोन करून रडले. आणि तुम्ही..." फाब्रिसने एकदा ओदीलकडे पाहिलं आणि मान फिरवली. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

सोलेन गेली नाही. पहिल्याच घाण्याप्रमाणे केलेला तिचा मॅकरॉन ईस्टरला काचेत लागला आणि दुपारपर्यंत संपला. ओदील आता पुढे गल्ल्यापाशी बसून खोक्यांना फिती बांधते. गिऱ्हाइकं विचारतात, "हा कसा लागतो हो?" ती म्हणते, "सोलेनला विचारा."

सोलेन तिच्याशी कामापुरतंही बोलत नसे. मे महिन्यात एके सकाळी तिने गल्ल्यावर एक मॅकरॉन आणून ठेवला. "चवीचं नाही विचारत. वरचं कवच दाताखाली कसं लागतं, तेवढं सांगा."

छान आहे म्हणावं, असं ओदीलला फार वाटलं. तिने सावकाश चावलं. "जाड झालंय," ती म्हणाली. "आणि कडेला चिवट."

"बरं," म्हणून सोलेन आत गेली.