बिनचटक्याचं औषध

ब्राह्मणपुरीत चटका द्यावा तर कौसाबाईनं. कुणाच्या छातीत कफ दाटला, कुणाचं पोट उडायला लागलं, की लोक वैद्याआधी तिच्या ओट्यावर. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची, बरगडीखाली टेकवायची, आणि कातडी टरारून फुगली की म्हणायची, निघालं दुखणं. फोड नाही तर गुण नाही, ही तिची चाळीस वर्षांची खात्री. त्यातले किती जगले, किती गेले, विचारतंय कोण? जगला तो कौसाबाईच्या हातगुणानं, गेला तो आपल्या नशिबानं.

पण दुसऱ्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी तिच्याच नवलची छाती भरली, आणि त्या हातानं कच खाल्ली. एकुलता एक, बावीस वर्षांचा, नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला. तिनं विळा तापवला आणि तसाच पाण्यात बुडवला. मग नवलला बैलगाडीत घालून तळोद्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी चार दिवस गोळ्या दिल्या, ताप हटेना. हा न्यूमोनिया गोळ्यांना दाद देणारा नाही, म्हणाले, आणि त्यांनी एक्स-रेचं यंत्र पुढं ओढलं. ते असतं फोटोसाठी. पण त्यातले थोडेसे किरण छातीवर सोडले तर सूज उतरते, असं त्यांनी वाचलं होतं, दोघातिघांवर करूनही पाहिलं होतं. बाहेर तेलाचं इंजिन धडधडलं, आत यंत्र गुणगुणलं, आणि चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं. कौसाबाईनं नवलची छाती निरखून पाहिली. ना लाली, ना फोड. दुखलं का, तर तो नाही म्हणाला. झालं! तिचं मन तिथंच खट्टू झालं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. नवलनं आपणहून ज्वारीची पेज मागितली. डॉक्टरांनी आणखी राहायला सांगितलं, ती ऐकेना. बरं, न्या, म्हणाले, पण खोकला पंधरा दिवस राहील, घाबरू नका, आणि छातीला काहीही करू नका.

घरी तिसऱ्या दिवशी नवल खोकला. कौसाबाईला वाटलं, बघा, मुळाशी आहेच ते. बिनचटक्याचं औषध, वरवरचंच असणार. शिवाय आता अंगात थोडी ताकद आली होती, सोसवलं असतं त्याला. या खेपेला तिनं तापलेला विळा पाण्यात बुडवला नाही. चौथ्या चटक्याला नवल हळूच "माय, बस" म्हणाला, तेवढंच.

जखमा चिघळल्या. पाचव्या दिवशी पू झाला, नवव्या दिवशी नवल गेला.

अंघोळ घालताना लोकांनी ती चिघळून एकच जखम झालेली छाती पाहिली. तळोद्याच्या यंत्रानं पोरगा जाळला, असं गावभर झालं. कौसाबाईला कुणी विचारलं नाही, आणि तिनं मान खाली घातली. खोटं कशाला बोला, त्या वेळी तिला ते बरंच वाटलं. मेली माउली आतून, पण तोंड मिटून राहिली.

महिन्यानं गावातलीच दगूबाई आली, कडेवर तापानं फणफणलेली सात वर्षांची नात घेऊन. पोरीचा श्वास शिटीसारखा वाजत होता. घरच्यांनी तळोद्यासाठी जुंपलेली गाडी तिनं सोडायला लावली होती. जिथं नवल जळाला, तिथं नात कशी न्यायची?

कौसाबाईनं पोरीच्या छातीवर हात ठेवला आणि तिला राहवेना.

"यंत्रनी नही मारं त्याले," ती म्हणाली. "बरा व्हई ऱ्हायंता तो. डाग मी दिधा. मन्हा हातनी गया मन्हा पोऱ्या. हाई पोरले तळोदाले लई जाय, दगू."

दगूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कौसाबाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"दुख शे तुले, माय. म्हनीसन असं बोली ऱ्हायनी."

मग ती स्वतःच उठली, चुलीत काटक्या सारल्या आणि विळा निखाऱ्यात खोचला. तुझा हात चालत नसेल तर मी देते, तू नुसती जागा दाखव, म्हणाली. कौसाबाई नको नको म्हणत राहिली. पोरगी शहाणी, विळा लाल झालेला दिसताच तिनं आपणच झगा वर धरला.