हाळीनं मोजलेलं अंतर

शाळा बंद पाडायला फार काही लागत नाही. साहेबांचे बूट नवे असले तरी पुरतं. हे मी रागानं सांगतोय, ते आधीच कबूल करतो. पण सगळं ऐकून तुम्हीच ठरवा, राग कुणावर धरायचा ते.

पोलादपूरहून आंबेनळीच्या अंगानं वर आलं, की एका कच्च्या वाटेच्या शेवटी आमचं सावरकोंड. निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. शाळेत पोरं सात. शिकवायला स्नेहलबाई, महाडहून स्कूटीवर येतात आणि वाट संपली की पुढं चालतात. मी शाळा समितीचा सदस्य, म्हणजे बाई बोट ठेवतील तिथं सही करतो.

त्या सातांत एक सेजल, पहिलीतली. तिचे आईबाप मुंबईला एका खोलीत, पाळीपाळीनं झोपणारे. पोर इकडं आजा-आजीजवळ, महिपती आणि राहीबाईजवळ वाढली. तिचा बाप साहिल यानं सांगून ठेवलं होतं, की गावची शाळा मोडली तर पोरीला घेऊन जाईन. त्यामुळे आम्हाला शाळेची काळजी होती आणि महिपतीला पोरीची. ती संध्याकाळी पडवीत बसून धडा वाचायची, आणि म्हातारा कामधाम टाकून तिच्यासमोर बसायचा.

खात्याचं म्हणणं असं, की सात पोरांसाठी अख्खी शाळा चालवणं परवडत नाही. एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर पोरं तिकडं बसवावीत. ही दुसरी शाळा हेदवाडीची, दरीच्या पलीकडं. आमच्या अंगणातून हेदवाडीत कुणाची गोधडी वाळत घातलीय ते दिसतं. नकाशावर पट्टी ठेवली तर किलोमीटरसुद्धा भरत नाही. पण मधे दरी आहे आणि दरीत ओढा आहे. खाली उतरून, धोंड्यांवरून पलीकडं जाऊन, पुन्हा चढून जायला लहान पोराला दीड तास लागतो. पावसाळ्यात तर ओढा कुणाला जाऊच देत नाही, हमरस्त्याला उतरून सगळा वळसा घालावा लागतो. नकाशात ओढा होता, नाही असं नाही. निळी रेघ होती, पण रेघेनं कुणाचे पाय भिजत नाहीत.

दिवाळीनंतर खात्यातले साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार असं कळलं. स्नेहलबाईंनी आम्हाला एकच गोष्ट बजावली. साहेबांना चहा द्या आणि लगेच दरीत उतरवा, त्यांचे गुडघे दुखले की अहवाल आपोआप खरा येईल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

साहेब आले तेच घामाघूम होऊन. चहा झाला, पोहे झाले, जेवायला थांबणार का ते विचारून झालं. बाई दोनदा म्हणाल्या, निघू या का. साहेबांनी दरीकडं पाहिलं, मग आपल्या नव्या बुटांकडं पाहिलं. म्हणाले, तिकडच्या शाळेत जागा आहे का तेवढं इथूनच कळलं असतं तर बरं झालं असतं, पण मोबाइलला रेंज नाही.

इथं महिपतीबद्दल सांगायला हवं. अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखी हाळी कुणाची नाही. कुणी वारलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस चुकली, की दरीपलीकडं निरोप जातो तो महिपतीच्या गळ्यानं. तळीयेला दरड आली त्या पावसात सगळे फोन मुके झाले होते, तेव्हाही दोन्ही वाड्यांना एकमेकींची खबर त्याच्यामुळेच मिळत होती. आणि पाहुण्याला उन्हात दरी उतरवायची हे त्याच्या मनाला मुळातच पटलेलं नव्हतं. तो उठला, अंगणाच्या टोकाला गेला आणि तोंडाशी हात नेला.

"रामजीऽऽ, ओ रामजीऽऽ, तुमच्या शाळंत जागा हाय का रेऽऽ, आमच्या पोरांनाऽऽ"

रामजी हा महिपतीचा साडू, हेदवाडीच्या शाळेला लागूनच त्याचं घर. पाहुणचारात तोही मागं राहणारा नाही. त्यानं पलीकडून ओरडून कळवलं, की जागा हाय, किती बी पाठवा.

साहेब खूश झाले. त्यांनी हाळी पुन्हा द्यायला लावली आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. स्नेहलबाई मागून "पुरे, पुरे" म्हणत होत्या. महिपतीला वाटलं, बाईंना आपल्या घशाची काळजी पडली आहे. दुसऱ्या खेपेला त्यानं आणखी ताणून दिली.

पंधरवड्यात आदेश आला. त्यात 'ध्वनी पडताळणी' असा नवाच शब्द होता. दोन्ही शाळांच्या दरम्यान सहज संभाषण होत असल्याचे आढळून आले, सबब विद्यार्थ्यांची गैरसोय होणार नाही, असं लिहिलं होतं. जिथं आवाज पोचतो तिथं पोर पोचतं, असा हा हिशोब. आवाजाच्या पाठीवर दप्तर नसतं, हे खात्याला कोण सांगणार?

राहीबाईनं मात्र नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "तुमच्या गळ्यानं माझी पोर घालवली." महिपती दोन दिवस नीट जेवला नाही.

आम्ही अर्ज केला. साहेब माणूस वाईट नव्हते, फेरतपासणीला येतो म्हणाले. समितीनं बैठक घेऊन ठरवलं, की या वेळी महिपतीनं हाळी बारीक द्यायची. पलीकडून उत्तर येणार नाही, आणि मागच्या वेळचा तो वाऱ्याचा प्रताप होता असं म्हणायचं. या माणसाला जन्मात हळू बोलताना आपण ऐकलेलं नाही, असं राहीबाई म्हणाली, पण तिचं कोण ऐकतो. खरं म्हणजे हेदवाडीला आधी कळवून ठेवायला हवं होतं. पण कळवायचं तर महिपतीनंच ओरडायचं, आणि त्याला तर आवाज जपायला सांगितलेला. चालत जाऊन सांगावं, तर जाणार कोण? दरी काय थोडी खोल आहे?

फेरतपासणीच्या दिवशी महिपती टोकाला उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. घोगरी, मधेच तुटणारी. दोनदा मारली, तीनदा मारली. पलीकडं सगळं गप्प. साहेबांनी मान हलवून काहीतरी टिपलं, आवाज पोहोचत नाही असं दिसतंय म्हणाले, आणि आम्ही एकमेकांकडं बघून गालात हसलो. पुन्हा चहा ठेवायला सांगितला. बाईंनी तर सेजलला बोलावून साहेबांसमोर धडाही वाचायला लावला. पोरीनं न अडखळता वाचला.

चहा पिऊन होतो न होतो, तोच दरीच्या कडेवर माणसं दिसली. पुढं रामजी, मागं तिघं, गुडघ्यापर्यंत भिजलेले. दोघांच्या खांद्यावर डोली होती; आजारी माणसाला रस्त्याला न्यायची, बांबूला चादर बांधून केलेली. महिपती पायांवर उभा आहे हे पाहिलं आणि रामजी मटकन खालीच बसला.

"अशी मेल्यागत हाळी आली रे तुझी. मला वाटलं, माझा साडू गेला."

महिपतीनं त्याला पाणी दिलं. महिपतीचेच डोळे भरून आले होते. साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि रामजीला आदरानं विचारलं, यायला वेळ किती लागला. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, पण रामजीला खुणा कुठल्या कळायला. छाती पुढं काढून तो म्हणाला, आमी काय वाटंत बसतो का, अर्ध्या तासात आलाव, ते पण डोली घेऊन.

साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. या वाटेने आजारी व्यक्तीची ने-आण करता येते, सबब निरोगी विद्यार्थ्यांस अडचण उद्भवत नाही, असा अहवाल झाला. एका वाडीची माणुसकी अशी दुसऱ्या वाडीच्या मुळावर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

जूनपासून शाळेला कुलूप लागलं. पहिल्याच पावसात ओढा भरला आणि उरलेली सहा पोरं घरी बसली. स्नेहलबाईंना महाडजवळ शाळा मिळाली. सेजलला साहिल मुंबईला घेऊन गेला. तिथं तिच्या वर्गात सत्तरच्या वर पोरं आहेत. एका वर्गात इतकी पोरं नकोत असाही खात्याचा नियम आहे म्हणे, आणि तिकडंही साहेब येतात. त्या दिवशी निम्म्या पोरांना सुट्टी असते.

वाटेच्या एका वळणावर रेंज मिळते. परवा महिपतीला तिथं नेऊन मी पोरीला फोन लावून दिला, आणि दोघांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"आबा, मी रोज शाळंत जाते. पन बाय मला गैरहजर लिवते."

"का गो?"

"बाय नाव हळू घेते. मी एकदम मागं बसते. ऐकूच येत नाय."

"मग तू जोरात सांग, मी हाय म्हनून."

"जोरात बोलले तर बाहेर उभी करतात."

महिपतीनं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही. तिकडून पोर हॅलो, हॅलो करत राहिली.