टिंबताईंनी केलेली यादी

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझ्या बटणांवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, तीही एकाच बाईच्या बोटांनी.

कारखान्यातून निघालो तो थेट टिंबताईंच्या टेबलावर आलो. त्यांची कंपनी बँकांसाठी प्रोग्राम लिहीत असे. त्या वेळच्या संगणकाच्या भाषेत वाक्याच्या शेवटी टिंब राहिले, की सगळे काम अडून बसे. राहिलेले टिंब ताई नुसती नजर फिरवून शोधत, म्हणून त्यांना हे नाव पडले. काही अडले की साहेब स्वतः आमच्या टेबलाशी येत. "ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो," म्हणत. मीसुद्धा फुशारून जरा जास्तच खटखट वाजे.

पुढे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ॲप आली आणि कंपनीचे वारे फिरले. पायथन, जावा अशा नव्या भाषा येणाऱ्यांना मागणी आली. ताईंच्या भाषेचे कुणी नावही काढेना. साहेब आमच्या टेबलावरून सरळ पुढे जाऊ लागले.

ताई रडत बसल्या नाहीत. एक्कावन्नाव्या वर्षी त्या जेवणाच्या सुट्टीत पायथन शिकू लागल्या. या भाषेत ओळीच्या आधीची मोकळी जागा चुकली, की प्रोग्राम बंद पडतो. शेजारी टेस्टर बसे. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणे हे त्याचे काम. तो हसून म्हणे, "ताई, जन्मभर टिंबं शोधलीत, आता रिकाम्या जागा शोधताय!"

ताई परीक्षा पास झाल्या. मग साहेबांनी त्यांना नव्या भाषेतले पहिले काम दिले. नव्या टीममध्ये कुणाला घ्यायचे आणि कुणाला घरी पाठवायचे, याची यादी काढणारा प्रोग्राम! नियमांचा कागद साहेबांचाच होता. नव्या भाषेत काम केल्याच्या दर वर्षाला दहा गुण, जुन्या भाषेला शून्य.

"साहेब, परीक्षेला गुण नाहीत?" ताईंनी विचारले.

"कागदावर आहे तेवढंच घ्या ना, ताई."

ताईंनी तेवढेच घेतले. प्रोग्राम पूर्ण झाल्यावर टेस्टरने तो चालवून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. घरी जाणाऱ्या अकरा जणांत पहिलेच नाव ताईंचे होते.

"ताई, परीक्षेच्या गुणांची एक ओळ घाला," तो कुजबुजला. "कुणाला पत्ता लागणार नाही. नाहीतर तुमची नोकरी गेली!"

ताईंची घामेजलेली बोटे माझ्यावर टेकून राहिली. दाबा, ताई, दाबा, असे मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"मी आत आले तर कुणीतरी बाहेर जाणार," ताई म्हणाल्या. "आत राहिलेल्यांत शेवटचं नाव कुणाचं आहे ते बघ."

त्याने पाहिले. नाव त्याचेच होते. खुर्ची वळवून त्याने प्रोग्राम पास केला.

दुपारी साहेबांचा फोन आला. "मानलं, ताई! एकही चूक नाही!" यादी त्यांनी उघडलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी अकराही जणांना एकाच मजकुराचे पत्र मिळाले. ताई साहेबांना भेटायला गेल्या, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो. प्रोग्रामनंच काढलीत नावं."

ताई गेल्या. मला वायरींच्या गुंत्यात, एका खोक्यात टाकले गेले. टेस्टरला नवा कीबोर्ड मिळाला.

मित्रांनो, माझी धूळ झटका, असे मी म्हणणार नाही. नव्या भाषा जरूर शिका. ताईसुद्धा शिकल्या होत्या. पण असा नियमांचा कागद लिहिण्याची पाळी कधी तुमच्यावर आली, तर आधी प्रत्येक टेबलापर्यंत चालत जा आणि तिथे कोण बसले आहे ते पाहा. 'प्रोग्रामने केले' असे मात्र कधी म्हणू नका. इतकी वर्षे मी काम केले, पण कुणी दाबल्याशिवाय माझे एकही बटण कधी खाली गेले नाही.