घरात डॉक्टर असताना

लंडनजवळच्या पिनरमधल्या मराठी घरांची एक रीत होती. काही दुखलंखुपलं की जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायच्या आधी शशीकाकांकडे जायचं. आता शशीकाका म्हणजे हाडांचे सर्जन. उभा जन्म लीड्सला गुडघे नि खुबे बदलण्यात गेलेला, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. पण डॉक्टर तो डॉक्टर. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत त्यांचा दरबार भरायचा. कुणाला ॲसिडिटी, कुणाच्या नातवाला पुरळ, कुणाची शुगर. काका खुर्चीत रेलून निकाल द्यायचे आणि लोक पोहे खाऊन घरी जायचे. पोहे अर्थातच सूनबाईंनी करायचे.

सूनबाई म्हणजे वरदा. लग्न होऊन पुण्याहून आलेली, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, सध्या मॅटर्निटी लीव्हवर. विहान झाल्यावर सहा आठवड्यांनी तिच्या तपासणीसाठी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा ती बाळाला पाजत होती. फोन सासऱ्यांनी घेतला. "मी स्वतः डॉक्टर आहे, शी इज डूइंग स्प्लेंडिडली," असं सांगून ठेवूनही दिला. "तुझं काम मीच उरकलं गं," म्हणाले. आणि ही वेडी त्यांना वर "थँक यू, बाबा" म्हणाली.

पुढे तिचं काळीज उगाच धडधडायला लागलं, हात थरथरायचे, वजन उतरलं. बाबा म्हणाले, आई झाल्यावर होतंच असं. मग दोन-तीन महिन्यांत सगळं उलटं झालं. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. केस मूठमूठ गळायचे, आवाज घोगरा झाला, जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागायचं. एकदा तिने कशीबशी जीपीची अपॉइंटमेंट मिळवली, तर बाबांनी स्वानंदला सांगून ती रद्द करवली. स्वानंद म्हणजे तिचा नवरा, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं. "घरात डॉक्टर असताना जीपी कशाला? बाबा म्हणतो टायर्डनेस नॉर्मल आहे. ही वुड नो, वरदा."

एका रविवारी दरबार गच्च भरलेला आणि पोह्यांना उशीर झाला. बाबा सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "आमच्या सूनबाईंना एकच आजार आहे, आळस. त्यावर अजून औषध निघालेलं नाही." सगळी खोली खो खो हसली. वरदा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिला रडूसुद्धा आलं नाही. रडायलाही अंगात काही असावं लागतं.

त्याच आठवड्यात दुपारी विहानला पाजता पाजता तिचा डोळा लागला आणि पोर मांडीवरून घरंगळून गालिच्यावर पडलं. लागलं नाही, नुसतं घाबरून रडलं. पण बाबा धावत आले, बाळाला उचलून घेतलं आणि संध्याकाळच्या आत पाळणा त्यांच्या खोलीत. "तुला झेपत नाही हे मान्य कर. आता विहान माझ्याकडेच झोपेल." पाळण्याची दुसरी बाजू स्वानंदने धरली होती. ते वरदाने नीट पाहून ठेवलं.

बाईने आळशी ऐकून घेतलं, टोमणे ऐकून घेतले, पण पोर काढून घेतलंत की संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे फोन सुरू झाले तशी ती लाइन धरून बसली, अपॉइंटमेंट मिळवली आणि विहानची प्रॅम ढकलत, जागोजागी थांबत, एकटी गेली. जीपी तरुण बाई होती. तिने वरदाचा गळा चाचपला, नाडी पाहिली, लगेच रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. बाळंतपणानंतर काही बायकांना होतं हे, ती म्हणाली, गोळीने आटोक्यात येतं, पण इतके महिने अंगावर काढायला नको होतं. "आधी का नाही आलात?"

"घरात डॉक्टर आहेत," वरदा म्हणाली.

गोळी सुरू झाली. रोज उठल्याबरोबर, अनशेपोटी, चहाच्या आधी. काही आठवड्यांनी अंगात जीव आला आणि त्याच्या पाठोपाठ आला राग. चांगला सणसणीत राग. आधी तिने पाळणा एकटीने ओढत आपल्या खोलीत परत आणला. बाबा "असू दे गं, असू दे" म्हणत दारात उभे होते, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मग ती रविवारची वाट बघायला लागली.

बेल वाजली की आता दार तीच उघडायची आणि गोड हसायची. "या ना. बाबांना जरूर विचारा, पण जीपीलाही दाखवा हं. मी नाही दाखवलं. बाबा म्हणाले आळस, निघाला थायरॉइड. पोर पडलं हो मांडीवरून." एवढंच, पण आतल्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात. एक शब्द खोटा नाही, एक शब्द चढा नाही. येईल त्याला, दर रविवारी. लोक पोहे खायचे, पण खाली मान घालून. हळूहळू पोह्यांनाही कुणी येईना.

"बाबाला फार एकटी वाटते," स्वानंद म्हणाला. "इट्स क्रूअल, वरदा."

"मलाही वाटत होतं. तू तेव्हा पाळणा उचलत होतास."

मग एका संध्याकाळी बाबाच स्वयंपाकघरात आले. ओट्याशी उभे राहिले, रिकामा कप इकडचा तिकडे केला आणि हळूच "सॉरी" म्हणाले. वरदा भाजी चिरत होती, तिने सुरी थांबवली नाही. "बाबा, आळशी तुम्ही मला चारचौघांत म्हणालात. सॉरी स्वयंपाकघरात कसं चालेल?"

"या वयात माझा तमाशा करणार आहेस का?"

"माझा केलात तेव्हा तर तुम्ही हसत होतात."

बाबा निमूटपणे निघून गेले. त्यांची वाकलेली पाठ बघून आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. छे, कसलं काय. उलट भाजी छान झाली त्या दिवशी.

बऱ्याच सुन्या रविवारांनंतर एकदा बेल वाजली. शेजारच्या गल्लीतल्या मालविकाताई, सोबत त्यांची सून तनिषा. तनिषा नुकतीच बाळंत झालेली, तिचे हात थरथरत होते. बाबा लगबगीने सरसावून बसले.

"डॉक्टर, हिचं काळीज धडधडतंय, झोप नाही, वजनही उतरलंय," मालविकाताई म्हणाल्या. "बाळंतपणानंतर होतंच ना असं?"

वरदा दारात उभी होती. या वेळी ती काहीच बोलली नाही. मनाशी तिने ठरवून टाकलं होतं. हे जर "होतंच" म्हणाले, तर तनिषाला हाताला धरून आपणच दवाखान्यात न्यायचं आणि या माणसाशी जन्मात बोलायचं नाही. बाबांचे ओठ हललेसुद्धा, सवयीने. मग त्यांनी वरदाकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मी हाडांचा डॉक्टर. वरदालाही असंच होत होतं. मी तिला आळशी म्हणालो, तिचं बाळ काढून घेतलं. ती आजारी होती. मला कळत नव्हतं आणि कळत नाही म्हणायची लाज वाटली. उद्या सकाळीच हिला जीपीकडे न्या. थायरॉइड बघायला सांगा."

मालविकाताईंना कुठे बघावं कळेना. तनिषाला मात्र रडू फुटलं, जणू कुणीतरी हे म्हणायचीच ती वाट बघत होती. वरदाने तिला जवळ घेतलं, उद्या मीही येते म्हणाली, आणि दोघींना फाटकापर्यंत पोचवून आली.

बाबा खुर्चीत तसेच बसून होते. "झालं तुझं समाधान?" त्यांनी विचारलं. आवाजात काही जोर उरला नव्हता.

वरदाने टेबलावरचे कप गोळा केले. "आज दोघीच होत्या, बाबा. त्या दिवशी खोली भरलेली होती. पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावते. पोहे करते मी."