रिकाम्या जागेची हजेरी

मित्रांनो, मला भेटायचं तर आधी खाली बसावं लागेल. मी एक जुनी बस्करपट्टी आहे. वीस हात लांब, दीड हात रुंद, तागाची, आणि कधीकाळी दोन्ही काठांना निळा रंग असलेली. तो निळा होता हे आता मलाच सांगावं लागतं. रिसोडपासून आत, शेतांच्या मधोमध बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत माझं सगळं आयुष्य गेलं. फळ्याला लोक हात जोडतात, घंटेला पोरं घाबरतात, माझ्यावर मात्र नुसतेच बसतात आणि उठून जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तेच सांगायला आज मी तोंड उघडलं आहे.

रिसोडच्या बाजारात कैलासचंद शेठच्या दुकानात मी गुंडाळी होऊन उभी होते. शालिग्राम गुरुजी मला घ्यायला आले, तेव्हा शेठनी मला अर्धं उलगडून दाखवलं. म्हणाले, "गुरुजी, दहा वरीस पोरं नाचली तरी हिले काई होत नाई." गुरुजींनी मला मोटारसायकलच्या मागे बांधून तांड्यावर आणलं. पोरं खरंच नाचली. भांडली, माझ्यावर डाळ सांडली, माझे धागे उपसून त्यांच्या मिशा केल्या. मी टिकले.

मला अक्षरं येत नाहीत, पण माझ्यावर कोण बसलंय हे मला न बघता कळतं. हरीओमचं वजन कायम एका अंगाला, कारण त्याला सारखं खिडकीकडे सरकायचं असायचं. निता भिंतीपासून तिसरी. ती एकदा बसली की हलायची नाही. घरी ही पोरं गोरमाटी बोलायची, आईला याडी म्हणायची, भाकरीला बाटी. शाळेत सगळं पुस्तकातल्या मराठीत. गुरुजी प्रश्न विचारायचे आणि निता गप्प. "लाजते पोरगी," म्हणून गुरुजी पुढच्याकडे वळायचे. ती लाजत नव्हती, मित्रांनो. उत्तर तिच्या ओठांवर असायचं, पण ते घरच्या बोलीत असायचं, आणि घरची बोली चपलांसारखी दाराबाहेर काढून यायची असं तिला वाटायचं.

दसरा-दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचे. लांबच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला माणसं जायची ती थेट चैत्रात परतायची. पोरं मागे कुणाजवळ ठेवणार? तीही जायची. निता दुसरीत होती, तेव्हा तिच्या कडेवर तान्हा भाऊ दिला आणि तिला ट्रकमध्ये चढवलं. धाकटी गंगू तेवढी आजीजवळ, गोमतीबाईजवळ राहिली. बावीस पोरांतली आठ उरली. माझा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा पडला, आणि मला पहिल्यांदाच माझ्या लांबीची लाज वाटली.

त्याच सुमारास बातमी पसरली की वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद होणार. तांडा घाबरला. निताचा बाप अमरसिंग निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींना म्हणाला होता, "गुरुजी, आमी नसलो तरी शाळा राह्यली पाह्यजे. तुमी लिवा पोरं हजर हायेत म्हणून. कोन पाहून राह्यलं?" गुरुजींनी दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं.

गुरुजी वाईट होते असं समजू नका. ते नावं पुकारायचे, कारण न पुकारता लिहिणं त्यांच्या जिवावर यायचं. "निता अमरसिंग राठोड." मग शांतता. पेन तसंच अधांतरी. पुढे गंगू पहिलीत आली आणि एका सकाळी त्या शांततेत तीच बोलली, "हजर, गुरुजी." सगळी पोरं हसली. गुरुजीही हसले, आणि त्यांचं पेन भराभर चालू लागलं. त्या दिवसापासून शाळेत रीतच पडली. जो नसेल त्याच्यासाठी शेजारच्यानं हजर म्हणायचं. कुणाच्या वाट्याला एक नाव, कुणाच्या वाट्याला दोन.

पोरांना तो खेळ होता. माझी मात्र पाचावर धारण बसायची. भर सकाळी, स्वच्छ उन्हात, आठ पोरं बावीस वेळा हजर म्हणायची. चौदा आवाज असे, की ज्यांच्याखाली अंगच नव्हतं. "निता?" "हजर." आणि भिंतीपासूनची तिसरी जागा थंडगार. जिवंत माणसांची भुतं होतात हे मी तिथे शिकले. ती भुतं माझ्यावर ओळीनं बसायची, पाढे म्हणायची नाहीत, डबा खायची नाहीत, आणि एकही दिवस खाडा करायची नाहीत.

चैत्रात खरी निता यायची. हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे, केस भुरे झालेले. तिच्या जागी बसायची, पण वर्ग तोवर कुठल्या कुठे गेलेला असायचा. पुस्तक उघडून ती चित्रं बघायची. मग वर्ष संपायचं आणि ती वरच्या वर्गात जायची. अशी ती चौथी पास झाली.

गेल्या जूनमध्ये तिला पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत घातलं. आठव्या दिवशी ती परत आली ती कायमची. तिथे काय झालं ते तिनं आमच्या शाळेच्या ओट्यावर बसून गंगूला सांगितलं, आणि दाराशी अंथरलेली मी ते ऐकलं. सरांनी तिला एक ओळ वाचायला सांगितली होती. ती उभी राहिली, आणि उभीच राहिली. "बाले सांगू नको," ती गंगूला म्हणाली. अमरसिंगला वाटत होतं की पोरीचं गावात मन रमलं नाही.

त्याच जूनमध्ये शालिग्राम गुरुजींची बदली झाली आणि वैजयंतीबाई आल्या. बाई जवळच्याच रिठद गावच्या. आल्या आल्या त्यांनी पोरांना विचारलं, "बाटी कशी करते रे तुझी याडी? सांग तुझ्याच बोलीत, मी ऐकते." वर्गात असा गलका झाला की माझी धूळ उडाली. आधी गोरमाटीत गोष्ट सांगायची, मग तीच मराठीत सांगायची, मग फळ्यावर लिहायची, असं त्यांनी चालवलं. गंगू तिसरीत होती. श्रावण संपेपर्यंत ती सलग वाचू लागली. वाचताना तिचा अंगठा माझ्यावर ठेका धरायचा. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

दसरा झाला आणि पहिला ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली.

"हरीओम?"

"हजर, बाई." आवाज गंगूचा होता.

बाईंनी मान वर केली. खिडकीजवळची जागा रिकामी. "हरीओम कुठे आहे?"

"तो कारखान्यावर गेला, बाई. तो नाई तं मी त्याचा हजर म्हणते. निताताईचा बी मीच म्हणत होती."

बाई खुर्चीवर बसल्या. मग कपाटातून जुने हजेरीपट काढून एकेक पान उलटत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी पट मिटला. नंतर त्यांनी पोरांना जवळ बसवलं आणि सांगितलं की उद्यापासून कुणी कुणासाठी हजर म्हणायचं नाही.

अमरसिंगचा ट्रक दिवाळीनंतर जाणार होता. या खेपेला निताच्या हाती कोयता येणार होता, आणि धाकट्या भावाला सांभाळायला गंगूला नेणार होते. हे बाईंना कळलं आणि त्यांनी तांड्याला शाळेत बोलावलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं माझ्यावर बसली. तांड्याचे नाईक रतनसिंग पुढे, अमरसिंग मागे, गोमतीबाई भिंतीला टेकून, आणि निता दाराशी उभी.

बाई म्हणाल्या, "जी पोरं खरंच मागं राहतील, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह मागता येतं. दोन वेळचं जेवण इथंच. जी जातील त्यांना कार्ड देता येतं, म्हणजे तिकडची शाळा त्यांना बसू देईल. पण त्यासाठी कागदावर खरं लिहावं लागेल. तीन वर्षं आपण लिहिलं की सगळे इथंच आहेत. मग यांना शोधायला कोण येणार?"

रतनसिंग म्हणाले, "खरं लिवलं अन् शाळा बंद झाली तं, बाई?"

"होऊ शकते," बाई म्हणाल्या. "मी खोटा शब्द देत नाही."

कुजबुज सुरू झाली. अमरसिंग चिडून उठला. त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. "काहून खोटं म्हणता? हे पाहा, माही पोरगी चौथी पास हाय. शंभरातले अठ्ठ्याण्णव दिवस हजर. आमी लिवा म्हणलं म्हणून काय झालं, शिकली तं हाय ना? निता, ये इकडं. वाच हे."

निता आली. कागद हातात घेतला. ती भिंतीपासून तिसऱ्या जागेवरच उभी होती.

"वाच ना, बेटा."

"बा," ती म्हणाली, "मी कई होती शाळेत? मी तुमच्यासंग फडात होती."

अमरसिंग तिच्याकडे बघत राहिला. त्यानं स्वतःच तिला ट्रकमध्ये चढवलं होतं, तरी त्या कागदावर त्याचा विश्वास बसला होता, कारण तो कागद शाळेचा होता. गोमतीबाईनं तोंडात पदर खुपसला. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी तिच्यात जावं, पण बस्करपट्टीला जमिनीहून खाली जाता येत नाही.

शेवटी अमरसिंग खाली बसला आणि बाईंकडे न बघता म्हणाला, "गंगूले ठेवतो. लिवा काय खरं हाय ते."

गंगू राहिली. अजून सहा पोरं राहिली. गोमतीबाई त्यांचा स्वयंपाक करते. निता मात्र गेली, कारण ऊसतोडीत कोयता म्हणजे दोघांची जोडी, आणि तिच्या आईचं कंबरडं मोडलं होतं. कार्ड तिच्याजवळ होतं. तिकडच्या शाळेनं तिला विचारलं की नाही, ते मला माहीत नाही.

हिवाळाभर बाई खरी हजेरी घेत होत्या. नाव पुकारायच्या, थांबायच्या, आणि त्या थांबण्यात कुणी बोलायचं नाही. पोरं त्या रिकाम्या जागेकडे बघायची. आठ दिवसांनी हरीओमच्या जागेकडे बघत गंगूनं विचारलं, "बाई, तिथं त्याले शाळेत घेतलं का?" बाईंनी त्याच दुपारी कारखान्याजवळच्या शाळेला फोन लावला. हरीओमला तिथल्या शाळेत बसवलं गेलं. इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर रोजच मिळत होतं.

मित्रांनो, आता चैत्र आहे. निता परत आली आहे. शाळा भरली की ती ओट्यापर्यंत येते आणि खांबाला धरून उभी राहते. बाई म्हणतात, "आत ये, पोरी, बस." ती म्हणते, "काम हाय, बाई," पण निघूनही जात नाही. तिला वाटतं की दुसरीच्या पोरांत बसलं तर लोक हसतील. जूनमध्ये शाळेला बाकं येणार आहेत, आणि माझी रवानगी कुठे होईल हे मला ठाऊक आहे. त्याचं दुःख नाही. पण तीन वर्षं मी तिच्या नावाचं भूत मांडीवर घेऊन बसले, आणि तिचं खरं वजन मला मोजून काही महिनेच मिळालं.

तुमच्या वर्गातही एखादी जागा रिकामी असेल. तिच्यासाठी हजर म्हणू नका. ती भरल्यासारखं दाखवू नका. ती कुठे आहे ते विचारा, मोठ्यानं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि कधी आमच्या तांड्यावर आलात, तर ओट्यावर एक उंच मुलगी उभी दिसेल. तिला हसू नका. तिचा हात धरा, आत आणा, आणि तिच्या शेजारी बसा.