दुसरा ब्रेक

गाव ज्यांना ब्रेकबाई म्हणे, त्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवले ते इतक्या जोरात, की विमा अधिकाऱ्याच्या स्टँडमधली पेनं हलली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचं आहे. पहिल्या पानापासून वाचलंत तरी माझी हरकत नाही. मला आज दुसरं काम नाही."

काम नव्हते हे साफ खोटे होते. सकाळच्या तीन शिकवण्या पुढे ढकलून त्या इथे येऊन बसल्या होत्या. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एकच. तिचा विमा शनिवारी संपत होता आणि नूतनीकरणाच्या नोटिशीत गेल्या वर्षीच्या जवळजवळ दीडपट रक्कम छापून आली होती. विमा नाही तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि गाडी नाही तर ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पाटी, दोन खुर्च्या आणि फोन उचलायला बसलेला नवरा.

"मॅडम, मघाशीच सांगितलं," अधिकारी म्हणाला. समोरच्या कागदांच्या कडा तो दोन्ही तळव्यांनी जुळवत होता. तशा त्या आधीच जुळलेल्या होत्या. "ही वाढ तुमच्या एकट्याची नाही. शिकवणीच्या सगळ्याच गाड्यांना आहे. सिस्टीमच ती रक्कम काढते."

"सिस्टीमला माझी गाडी माहीत आहे?"

"तुमच्यासारख्या गाड्या माहीत आहेत."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

बाई उठणार नाहीत हे अधिकाऱ्याला कळले असावे, कारण त्याने रजिस्टर पुढे ओढले.

"एवढंच बघा, की इतक्या वर्षांत तुमच्या कंपनीकडून मी एक पैसा घेतलेला नाही," बाई म्हणाल्या. "शिकाऊ माणूस म्हटलं की गाडी कुठं ना कुठं घासणारच. प्रत्येक वेळी पदरमोड करून दुरुस्त केली, आणि काय झालं ते इथं लिहून ठेवलं. तुम्हाला एक तरी क्लेम सापडला तर दाखवा."

अधिकाऱ्याने संगणकावर पाहिले. क्लेम खरोखरच एकही नव्हता. त्याचा चेहरा थोडा सैल झाला. खणातून त्याने एक अर्ज काढला आणि म्हणाला, की पुनर्विचाराची सोय असते, चालक चांगला असेल तर रक्कम बरीच खाली येऊ शकते. आपणच भरून घेऊ. वय, अनुभव, परवाना, सगळे भराभर झाले. नवव्या प्रश्नापाशी त्याचे पेन थांबले. गेल्या तीन वर्षांत वाहनाला झालेल्या धडका, आणि चूक कोणाची. त्याने रजिस्टरची शेवटची पाने उघडली.

शाळेच्या कुंपणाला मागून. मागचा बंपर चेपला. चूक: माझी.

वळणावर सायकलला. सायकलवाल्याला नवीन चाक घेऊन दिले. चूक: माझी.

मैदानातल्या झाडाला, उजवा दिवा फुटला. चूक: माझी.

अधिकाऱ्याचे बोट शेवटच्या रकान्यावरून खाली उतरत गेले, मग पान उलटून पुन्हा वरून खाली आले. तीन वर्षांत सात नोंदी होत्या. त्याआधीच्या धरल्या तर एकतीस. अक्षर शेवटपर्यंत एकसारखे होते.

"या वेळी गाडी कोण चालवत होतं? तुम्ही?"

"मी कशाला झाडावर घालीन? विद्यार्थी चालवत होते."

"मग चूक तुमची कशी?"

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, जसे त्या गिअर न बदलता चढ चढू पाहणाऱ्याकडे पाहत. "साहेब, शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. गाडी धडकली म्हणजे मी माझा वेळेवर दाबला नाही. तो काय शोभेला बसवलाय?"

अधिकाऱ्याने आजूबाजूला पाहिले. रांगेतला पुढचा माणूस हातातल्या टोकनशी खेळत होता. अधिकारी पुढे वाकला आणि आवाज उतरवून बोलू लागला. माणूस वाईट नव्हता. रोज इतके लोक चूक दुसऱ्यावर ढकलायला त्याच्याकडे येत, की उलटे करणाऱ्याचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

"तुमच्या भल्याचं सांगतो. इथं 'विद्यार्थ्याची' असं लिहू. त्याचा रकाना वेगळा आहे. मग तुमच्या नावावर चूक शून्य राहते, रक्कम गेल्या वर्षीइतकी येते. 'माझी' लिहिलंत तर नोटिशीत आहे त्याहूनही चढेल. आणि हे रजिस्टर मी पाहिलेलं नाही. पिशवीत घाला."

बाईंचा हात रजिस्टरकडे गेला. मोह झाला नाही असे नाही. तीन वर्षे पैसे बाजूला टाकत त्यांनी दुसऱ्या गाडीची तयारी चालवली होती. वाढलेली रक्कम भरायची तर त्यालाच हात घालावा लागणार होता. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि दुसरी गाडी आता नाही तर कधीच नाही, हेही त्यांना माहीत होते. त्यांनी पिशवीची चेन उघडली. क्षणभर तशीच धरली आणि पुन्हा लावून टाकली.

"पहिल्यांदा चाक हातात घेणाऱ्याला आधीच घाम फुटलेला असतो," त्या म्हणाल्या. "गाडी धडकल्यावर त्याला चूक तुझी म्हटलं की संपलं. तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आला तर आरशात बघत नाही, माझ्या तोंडाकडं बघतो. तसा माणूस रस्त्यावर गेला की कोणाला तरी मारतो. लिहा, माझी."

"रक्कम वाढेल."

"वाढू दे. पण का वाढली ते मला लेखी पाहिजे. सहीशिक्क्यासकट."

"असा नमुना नाही आमच्याकडे."

"नमुना नसू दे. टाइप करता येतं ना?"

अधिकाऱ्याने पुढचे टोकन बोलावले. बाई उठून शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. टोकनं येत राहिली, जात राहिली. शिपायाने तीनदा येऊन विचारले, काही राहिलंय का, तीनही वेळा त्या म्हणाल्या, "पत्र राहिलंय." जेवणाच्या सुट्टीत अधिकारी डबा घेऊन आत गेला आणि परत आला तेव्हा बाई तिथेच होत्या. त्यांनी काही खाल्ले का, असे त्याला विचारावेसे वाटले, पण त्याने विचारले नाही. संध्याकाळी शटर अर्धे खाली आल्यावर त्याने एकदाचे टाइप केले, कागदाच्या कडा सवयीने ठोकून नीट केल्या, सही केली, शिक्का मारला.

'मागील तीन वर्षांतील सात घटनांमध्ये विमाधारकाने स्वतःची चूक लेखी मान्य केल्यामुळे सदर वाहनाच्या प्रीमियममध्ये नियमानुसार वाढ करण्यात आली आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचले, घडी न करता पिशवीत ठेवले आणि पैसे भरले. भरताना नोटा तीनदा मोजल्या त्या रागाने, असे त्या पुढे सांगत. राग तर होताच, पण दुसरी गाडी गेली याचे दुःखही त्यात होते.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," नवरा घरी म्हणाला. "रजिस्टर न्यायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"अहो, मला वाटलं ते वाचतील आणि खूश होतील."

यावर नवऱ्याला हसू आले. नंतर त्यानेच रस्त्यावरच्या खुणांच्या जुन्या तक्त्याची चौकट सोडवली, पत्र तिच्यात बसवले आणि स्कूलमध्ये फीच्या पाटीच्या बरोबर वर टांगले. खाली फीचा आकडा खोडून नवा लिहिला. तो वाचून दोघे विद्यार्थी पलीकडच्या स्कूलमध्ये गेले. बाई म्हणाल्या, जाऊ देत. रात्रभर झोपल्या मात्र नाहीत.

तीन आठवड्यांनी विमा अधिकारी दारात उभा राहिला. बरोबर त्याची मुलगी होती, अठरा नुकतीच पूर्ण केलेली, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळणारी.

"हिला शिकवायचं आहे," तो म्हणाला.

"गावात आणखी तीन स्कूल आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा स्वस्त."

"तिन्हीकडं जाऊन आलो." त्याने भिंतीकडे पाहिले, स्वतःची सही ओळखली आणि नजर खाली आणली. "तिघांनाही विचारलं, तुमची गाडी कधी धडकली का. तिघंही म्हणाले, आमच्याकडं असं होतच नाही."

नवऱ्याने अर्ज पुढे केला.

"फी वाढली आहे," तो म्हणाला.

"का?"

नवऱ्याने पेनाने वरच्या चौकटीकडे खूण केली. अधिकाऱ्याने मुकाट्याने पाकीट काढले.

स्कूलच्या मागे मोकळे मैदान होते, चार पिंपे आणि एक झाड असलेले. तेच झाड. त्याच्या सावलीत 'इथे गाडी लावू नये' अशी पाटी होती आणि पाटीच्या बरोबर खाली अधिकाऱ्याने आपली गाडी लावली होती.

"ती हलवा," बाईंनी शिकवणीच्या गाडीत बसता बसता सांगितले.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. कानाला फोन होता. पलीकडचा कोणी तरी कुठल्या तरी धडकेत आपली चूक कशी नव्हती ते सांगत असावा.

बाईंनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि धडा सुरू केला. मुलीने पहिल्याच फेरीत तीनदा गाडी बंद पाडली, चौथ्यांदा पाडली नाही. पुढे जाणे जमले. मग रिव्हर्स. बाई म्हणाल्या, मागे बघ, आरशात बघ, पाय हलका ठेव. मुलीने मागे पाहिले, मागे बापाची गाडी दिसली, आणि ती दिसताच तिचा पाय हलका राहायच्या ऐवजी जड झाला.

बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण वीतभर उशिरा. काच फुटल्याचा आवाज आला.

मुलगी चाक घट्ट धरून बसली. ओठ पांढरे पडले होते.

"हँडब्रेक ओढ," बाई म्हणाल्या. "गिअर न्यूट्रलला. आता श्वास घे. घेतलास? आणखी एक घे."

अधिकारी फोन खिशात टाकत आला. त्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता आणि बंपरवर तळहाताएवढा पोचा पडला होता. बाईंनी मागच्या सीटवरून रजिस्टर घेतले, मांडीवर उघडले आणि तारीख घातली.

"बाबा, मी—" मुलगी म्हणाली.

"तू बोलू नकोस. तुझ्या पायाखाली एक आहे, माझ्या पायाखाली एक." बाई लिहीत होत्या. मैदानात उभ्या असलेल्या गाडीला मागून. दिवा फुटला. "तुमचा दिवा मी भरून देईन, साहेब."

"तुमची पॉलिसी आहे की. क्लेम करा, हक्क आहे तुमचा."

"तुमच्या सिस्टीमला तेवढा आनंद मी देणार नाही."

तो खाली वाकला आणि काचेचे तुकडे एकेक करून हातरुमालात गोळा करू लागला. शेवटचा तुकडा उचलल्यावरही तो उठला नाही. मग गाडीच्या खिडकीपाशी आला आणि ऑफिसमध्ये आवाज उतरवला होता तसाच आवाज उतरवून म्हणाला,

"बाई, पाटी मी वाचली होती. चूक माझी लिहा."

मुलीने बापाकडे पाहिले. हे शब्द तिने त्याच्या तोंडून याआधी ऐकले नसावेत. चाकावरची तिची बोटे सुटली.

बाईंनी मान वर केली नाही. शेवटच्या रकान्यात त्यांनी तोच शब्द लिहिला, बत्तिसाव्यांदा, आणि पेनाचे टोपण लावले.

"हे रजिस्टर माझं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही वेगळं काढा."

अधिकाऱ्याने हातरुमालाला गाठ मारली आणि आपली गाडी पाटीखालून काढून मैदानाबाहेर नेली.

"आरसा बघ," बाई मुलीला म्हणाल्या. "पुन्हा रिव्हर्स."