दोन डोळ्यांचा राखणदार

मी एक जुना राखणदार आहे. दुकानात वेल्डिंगचं हेल्मेट म्हणून विकला गेलो, पण माझं काम राखणदारीचंच. मित्रांनो, ठिणगी पेटली की पापणी लवायच्या आत माझी काच आपोआप काळी होते आणि वेल्डरचे डोळे वाचतात. मला स्वस्तातला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं.

दुकानाच्या फळ्यांवर आम्ही तिघे होतो. सगळ्यात खाली काळ्या काचेचा साधा मुखवटा. त्याला ना बॅटरी, ना अक्कल. तो सदाचाच काळा. मधे मी. माझ्या कपाळावर ठिणगी ओळखणारे दोन सेन्सर आहेत, तेच माझे डोळे. वरच्या फळीवर चार डोळ्यांचे साहेब, किंमत माझ्या तिप्पट. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वेल्डरने खिसा चाचपला आणि मला उचललं. माझ्यापुढे लायटर पेटवला. काच काळी झाली. "चालतंय की!" तो म्हणाला.

सहा वर्षं त्याच्या टेबलावर मी एकही ठिणगी चुकवली नाही. घामाने पट्टा कुजला, तोंडावर देवीचे व्रण असावेत तसे डाग पडले. शाबासकी मात्र दरवेळी गेटला मिळाली.

वेल्डरची लेक बापाकडेच काम शिकली. तिचा हात बापापेक्षा स्थिर. बॉयलरचे पाइप जोडणाऱ्या कारखान्याने तिला चाचणीला बोलावलं. एक जोड पास झाला की नोकरी पक्की. बापाने पुन्हा लायटर पेटवून मला तपासलं आणि तिच्या हाती दिलं. "माझे डोळे यानंच सांभाळले, पोरी. तुझेही सांभाळील." माझी छाती फुगली, कबूल करतो.

पण तिथला पाइप भिंतीलगत बसवलेला. खालचा जोड करायला तिला मान वाकडी करून आत शिरावं लागलं. पाइप माझ्या कपाळाआड आला. ठिणगी तिला दिसत होती, मला नाही. काम थांबलं असं समजून मी काच उजळ केली. तिचे डोळे दिपले, हात झटक्याने सरकला, जोडाला भोक पडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"परवा ये," फोरमन म्हणाला. "पण ती शेवटची संधी. मग मी दुसऱ्याला घेईन."

घरी बाप माझ्यावरच उखडला. "दगा दिला यानं! टाक भंगारात."

दगा? मी? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

लेकीने डोळ्यांवरचा ओला रुमाल काढला. "त्याला कशाला शिव्या देता, बाबा? मधे पाइप होता, ते बघणार कुठून? आपण लायटर समोर धरला, आडून कुठे धरला?"

"मग आता? चार सेन्सरचं घ्यायची आपली ऐपत नाही."

"ते नंतर बघू. परवापुरता काळ्या काचेचा मुखवटा आणते. त्याला उजळ व्हायचं माहीतच नाही."

दुसरा अख्खा दिवस तिने त्याच्याशी झुंज घेतली. ठिणगी पेटेपर्यंत त्यातून काहीच दिसत नाही, म्हणून वेल्डिंगचा रॉड नेमक्या जागी धरायचा, मान झटकून कपाळावरचा मुखवटा खाली पाडायचा आणि मगच ठिणगी पेटवायची. त्या बिनडोक्याने तिला नोकरी मिळवून दिली. मी जळलो, पण जोड पक्का होता. पहिल्या पगारात चार डोळ्यांचे साहेब घरी आले.

बापाने माझी माफी मागितली नाही. सदऱ्याच्या टोकाने माझे दोन्ही डोळे पुसले आणि मला घेऊन गेटच्या कामाला लागला. काल कुणीतरी त्याला विचारलं, "चांगलं हेल्मेट केवढ्याला येतं?" तो म्हणाला, "आधी सांग, जोड समोरून करणार की आडून?"

मित्रांनो, मला तुमची कीव नको. माझी काच पुसा, पट्टा बदला आणि मला माझं काम द्या. त्यात चुकलो तर खुशाल भंगारात घाला. पण मला न पेलणारं काम माझ्या गळ्यात मारून वर मलाच दगाबाज म्हणाल, तर ते मी ऐकून घेणार नाही.